फोनची बॅटरी बदलायची वेळ आली का, घरच्या घरी कसं ओळखायचं

डिसेंबर लागला की निफाड, पिंपळगाव, ओझरकडची द्राक्षवाली मंडळी माझ्या टेबलावर यायला लागतात आणि बहुतेकांची तक्रार एकच असते. पहाटे बागेत शेकोट्या पेटवायला गेलो, फोन ३० टक्के होता, गड्याला फोन लावायला गेलो तर धाडकन बंद, घरी येऊन ऊन पडल्यावर चालू केला तर परत २६ टक्के दाखवतो. कोणाला वाटतं आत दव गेलं, कोणाला गावातल्या कोणीतरी सांगितलेलं असतं की बोर्ड (फोनच्या आतली मुख्य सर्किटची पट्टी) गेला, नवीन घ्या. बोर्डाला काही झालेलं नसतं हो. बॅटरी थकलेली असते, आणि निफाडची थंडी ते सगळ्यात आधी बाहेर काढते, कारण त्या पहाटे पारा ५-६ डिग्रीवर आलेला असतो.

मी नाशिकच्या सिडकोत १२ वर्षं मोबाईल रिपेअरिंग करतोय आणि रोज दोन टाइपची माणसं बघतो. एक म्हणजे ज्यांची बॅटरी ठणठणीत आहे पण कोणीतरी सांगितलं म्हणून बदलायला आलेत, आणि दुसरी म्हणजे ज्यांची बॅटरी फुगून स्क्रीन वर आलीय तरी सहा महिने तसाच फोन उशाशी घेऊन झोपतायत. दोघांचंही नुकसान होतं, दुसऱ्यांचं जास्त. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, वाचा आणि आधी घरी तपासा, मग दुकानात जा.

आधी एक गोष्ट समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर आहे. बॅटरी जुनी होते म्हणजे तिच्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी होतात. घरावरची पाण्याची टाकी धरा. पहिलं म्हणजे टाकी छोटी होते, ५००० एमएएचची ४००० ची होते, म्हणजे पूर्ण भरली तरी पाणीच कमी. दुसरं म्हणजे पाइप आतून क्षार बसून बुजतो. टाकीत पाणी असतं, बारीक नळ सोडला तर धारही येते, पण शॉवर सोडला की फुस्स. बॅटरीत याला इंटर्नल रेझिस्टन्स म्हणतात. आत लिथियम एका बाजूकडून दुसरीकडे जातं येतं, हे करता करता दर चार्जिंगला आतल्या पट्टीवर एक बारीक थर साठत जातो, त्यात थोडं लिथियम कायमचं अडकतं आणि रस्ताही अरुंद होतो. थंडीत ही ये-जा अजून मंदावते. मग कॅमेरा, फ्लॅश, व्हिडिओ कॉल असं काही जड काम आलं की व्होल्टेज एकदम खाली बसतं, फोनला वाटतं बॅटरी संपली आणि तो स्वतःला वाचवायला बंद होतो. थोडा वेळ शांत ठेवला, गरम झाला, की व्होल्टेज परत वर, म्हणून तो २६ टक्के.

लोक फक्त टाकी बघतात. "माझी बॅटरी हेल्थ ८४ आहे, मग चांगलीच आहे ना?" टाकी चांगली असेल, पाइपाचं काय? फोन कामाच्या भाराखाली कसा वागतो ते बघितल्याशिवाय निकाल लावायचा नाही, हे माझं ठाम मत आहे.

आता बॅटरीला दोष द्यायच्या आधी बाकीचे गुन्हेगार बाजूला काढू. पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला रोज अपडाउन करणारे बरेच जण येतात, म्हणतात सकाळी १०० टक्के घेऊन निघतो आणि कल्याणच्या आधीच ६०. अहो, इगतपुरी ते कसारा घाटात बोगदे, दऱ्या, नेटवर्क येतं जातं, फोन पूर्ण ताकद लावून टॉवर शोधत राहतो आणि त्यात तुम्ही व्हिडिओ बघताय. तिथे नवी बॅटरी टाकली तरी असंच होणार. तेवढा घाट संपेपर्यंत विमान मोड टाकून बघा, दोन दिवसात कळेल. तसंच घरात रेंज कमी असेल, सिम ५जी वर असेल आणि तुमच्या भागात ५जी एक काडी येत असेल तर सेटिंगमधून ४जी वर ठेवून दोन दिवस बघा.

दुसरं, अपडेट. मोठं अपडेट आलं की पहिले दोन तीन दिवस फोन आत बरंच काम करतो, फोटो परत तपासतो, ॲप नव्याने बसवतो, गरमही होतो. अपडेटच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊ नका, आठवडा थांबा.

तिसरं, बॅटरी कोण खातंय ते फोनच सांगतो. सेटिंग्जमध्ये बॅटरी, बॅटरी युसेज. एखादं ॲप तुम्ही दिवसात १० मिनिटं वापरलं आणि ते यादीत सगळ्यात वर असेल तर ते काढून टाका नाहीतर बॅकग्राउंड बंद करा. मुलांनी टाकलेल्या गेम आणि ते "क्लीनर" "बॅटरी सेव्हर" नावाचे ॲप, यांनी बॅटरी वाचत नाही, उलट दिवसभर मागे चालत बसतात.

चौथं, चार्जिंगचा जॅक. "रात्रभर लावला तरी ७० टक्केच झाला" ही बॅटरीची तक्रार नसते बऱ्याचदा. खिशातला धागा, धूळ जॅकमध्ये दाबून बसते, पिन पूर्ण आत जात नाही. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हळूच काढा, सुई किंवा सेफ्टी पिन घालू नका, आतल्या बारीक पट्ट्या वाकल्या की खर्च वाढला. आणि दुसऱ्याची केबल, दुसऱ्याचा चार्जर लावून बघा. अर्ध्या केसेस इथेच सुटतात असं म्हणत नाही पण खूप सुटतात, आणि त्याचे मी पैसे घेत नाही.

एक रात्रीची टेस्ट सांगतो. पूर्ण चार्ज करा, एकदा रीस्टार्ट मारा, विमान मोड टाका, वायफाय ब्लूटूथ बंद, आणि झोपा. सकाळी ७-८ तासांनी एक ते तीन-चार टक्के उतरला असेल तर ठीक. १०-१५ टक्के उतरला तर सेफ मोडमध्ये हीच टेस्ट परत करा, सेफ मोडमध्ये तुम्ही टाकलेली ॲप झोपतात. तिथे नीट निघाला तर ॲपचा दोष. तिथेही १५ उतरला तर एकतर बॅटरी आतून गळतेय नाहीतर बोर्डावर लिकेज आहे, म्हणजे करंट वाया जातोय, आणि हे घरी कळणार नाही. कारागीर बॅटरी काढून डीसी सप्लायवर, म्हणजे बॅटरीऐवजी बाहेरून करंट देणाऱ्या मशीनवर, फोन लावतो, फोन बंद असतानाही सप्लायचा काटा अँपिअर दाखवत असेल तर लिकेज बोर्डाचं. अशा वेळी बॅटरी बदलून दिली तर महिन्यात परत तीच तक्रार, म्हणून विचारा त्याला, "सप्लायवर लावून बघितलं का?" ही टेस्ट करायला पाच मिनिटं लागतात.

आता खरी बॅटरीची टेस्ट, जी मी सगळ्यांना करायला सांगतो. फोन ४० टक्क्यांवर असताना चार्जर काढून, कव्हर काढून, घरात नेहमीच्या तापमानाला बसा. ब्राइटनेस फुल करा आणि व्हिडिओ रेकॉर्डिंग लावा, फ्लॅश चालू ठेवून, १० मिनिटं. टक्का कसा उतरतो ते बघत राहा. चांगली बॅटरी एक एक टक्का करत, एका लयीत उतरते. थकलेली उड्या मारते, ४० वरून ३४, मग २७, मग एकदम बंद. बंद न पडता २० वर आली असेल तर रेकॉर्डिंग थांबवा, फोन १० मिनिटं तसाच ठेवा, चार्जर न लावता. टक्का आपोआप वर चढला तर समजा पाइप बुजलाय. बॅटरी गेली. फोन हाताला चटका बसेल इतका तापला तर टेस्ट तिथेच थांबवा, आणि फुगलेल्या फोनवर तर ही टेस्ट करायचीच नाही.

एक सूट द्यायची. कधी कधी बॅटरी बरी असते, टक्का मोजणारी चिप चुकलेली असते, विशेषतः जे लोक वर्षानुवर्षं ४० ते ७० मध्येच फोन खेळवतात. म्हणून उड्या दिसल्या तर एकदा, फक्त एकदा, फोन पूर्ण बंद पडेपर्यंत वापरा, मग न काढता १०० पर्यंत भरा, आणि वरची टेस्ट परत करा. सुधारली तर हिशेब चुकला होता. नाही सुधारली तर बदला. काही लोक हे दर आठवड्याला करतात, त्याने बॅटरीची हेल्थ वाढत नाही, उलट पूर्ण खाली नेऊन नेऊन ती लवकर जाते.

अजून एक खूण बऱ्याच जणांना चांगली गोष्ट वाटते. "माझा फोन आजकाल फार पटकन चार्ज होतो." चार्जर तोच, आधी दीड तास लागायचा आता पाऊण तासात १०० आणि दुपारी परत २०. टाकी छोटी झाली म्हणून लवकर भरते. पटकन भरणं आणि पटकन उतरणं दोन्ही एकत्र असेल तर ती खूण पक्की.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फुगणं. वरच्या बाकी खुणांना तुम्ही महिना दोन महिने थांबू शकता, याला एक दिवसही नाही.

रविवार कारंजाजवळ एक किराणा दुकानदार काका आहेत, त्यांनी जुना फोन गल्ल्यावर फक्त यूपीआयचे मेसेज बघायला ठेवला होता, चोवीस तास चार्जरला. स्क्रीन एका बाजूने उचलली तर त्यांनी फोनला दोन रबर बँड लावले होते, चार महिने! मी तो उघडला तेव्हा बॅटरी उशीसारखी झाली होती. माझे हात थरथरले खरं सांगतो, कारण त्या गल्ल्याशेजारीच काड्यापेटीची खोकी आणि तेलाचे डबे होते. बॅटरी सतत १०० टक्क्यांवर आणि त्यात दुकानातली गरमी, मग आतलं रसायन (इलेक्ट्रोलाइट) कुजत जातं आणि गॅस तयार होतो, पाकीट सीलबंद असतं म्हणून फुगतं. दुकानातले यूपीआयचे फोन, सीसीटीव्ही म्हणून लावलेले जुने फोन, मुलांना कार्टूनसाठी दिलेले टॅब, कपाटात चार्जरसकट विसरलेले फोन, हे आज उठून एकदा बघा, प्लीज.

कसं बघायचं तर कव्हर काढा. स्क्रीनच्या कडेला फट दिसते का, त्यातून उजेड येतो का, मागचं पॅनल मध्ये फुगीर लागतं का, बटणं घट्ट झाली का, स्क्रीनच्या मधे दाब पडल्यासारखा पिवळट किंवा पांढरा डाग आला का. सपाट काचेवर स्क्रीन खाली करून ठेवा आणि हलकं बोट लावून फिरवा, भोवऱ्यासारखा गोल फिरला तर मधे फुगवटा आहे. कव्हर आणि जाड टेम्पर्ड ग्लास असेल तर हे लपतं, म्हणून लोकांच्या लक्षात येत नाही.

फुगलेली सापडली तर चार्जर काढा, फोन बंद करा, परत चार्जिंगला लावू नका "फक्त फोटो काढून घेतो" म्हणूनही नाही. दाबून स्क्रीन बसवू नका. टाचणी मारून हवा काढायचे व्हिडिओ फिरतात, कृपया करू नका, आतल्या दोन पट्ट्या एकमेकींना चिकटल्या की काही सेकंदात आग लागते आणि तो धूर विषारी असतो. लादीवर, पडदे गाद्या कागद यांच्यापासून लांब ठेवा, आणि त्याच दिवशी दुकानात न्या, खिशात नाही, गाडीच्या डिकीत उन्हात नाही, कुरिअरने तर अजिबात नाही. धूर निघायला लागला, फुसफुस आवाज आला, तर हातात धरू नका, घरातल्यांना घेऊन बाहेर पडा आणि १०१ ला फोन करा.

आता आकड्यांकडे येऊ, कारण ते विचारल्याशिवाय कोणी राहत नाही.

आयफोन असेल तर सेटिंग्ज, बॅटरी, बॅटरी हेल्थ, तिथे मॅक्सिमम कपॅसिटी दिसते. ॲपलचं स्वतःचं म्हणणं असं की आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनची बॅटरी ५०० पूर्ण सायकलनंतर ८० टक्के राहावी अशी बनवलीय, आणि १५ पासून पुढे १००० सायकल. सायकल म्हणजे किती वेळा चार्जर लावला ते नाही. आज ६० टक्के वापरले, उद्या ४० वापरले, ही झाली एक सायकल. रोज पूर्ण बॅटरी संपवणाऱ्याचे ५०० सायकल दीड वर्षाच्या आत होतात, निम्मी वापरणाऱ्याला पावणेतीन वर्षं लागतात. म्हणून "दोन वर्षं झाली आता बदला" असं सरसकट सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. १५ पासूनच्या मॉडेलमध्ये सायकलचा आकडाही फोनमध्येच दिसतो. कपॅसिटी ८० च्या खाली गेली आणि "सर्व्हिस" असं लिहून आलं की बदला. ८५ आहे पण फोन बंद पडतोय आणि तिथे पीक परफॉर्मन्स, म्हणजे भाराखाली पूर्ण ताकद, देता येत नाही असा मेसेज आलाय तरी बदला.

आणि इथे एक जुनी गोष्ट सांगतो. २०१७ च्या डिसेंबरमध्ये ॲपलने मान्य केलं होतं की जुन्या बॅटरीचे आयफोन बंद पडू नयेत म्हणून ते सॉफ्टवेअरने त्यांचा वेग कमी करतात. त्यानंतरच २०१८ मध्ये हे बॅटरी हेल्थचं पान आलं. याचा तुमच्या कामाचा अर्थ असा की आयफोन हँग होतोय, स्लो झालाय म्हणून विकायला काढला असेल तर आधी हे पान बघा. कितीतरी फोन नुसती बॅटरी टाकल्यावर पहिल्यासारखे पळतात.

सॅमसंगवाल्यांनी सॅमसंग मेंबर्स ॲप उघडा, त्यात फोन डायग्नोस्टिक्समध्ये बॅटरी स्टेटस आहे, तो टक्का देत नाही पण चांगली की कमजोर एवढं सांगतो. नवीन पिक्सेलमध्ये अबाउट फोनमध्ये बॅटरी कधी बनली आणि किती सायकल झाल्या ते दिसतं. बाकी बऱ्याच कंपन्यांनीही आता सेटिंग्जमध्ये बॅटरी हेल्थ दिलीय, तिथे जाऊन शोधा. डायलवर *#*#४६३६#*#* मारून काही फोनमध्ये बॅटरीची माहिती येते, पण तिथे हेल्थ "गुड" लिहिलेलं असलं की लोक निर्धास्त होतात. त्या गुडचा अर्थ फक्त एवढाच की आत्ता बॅटरी जास्त तापलेली नाही, व्होल्टेज हाताबाहेर नाही. ती किती म्हातारी झाली याच्याशी त्याचा संबंध नाही. मी मरायला टेकलेल्या बॅटरीवर गुड बघितलंय.

अक्यूबॅटरीसारखं ॲप टाकलं तर ते चार्ज होताना किती एमएएच आत गेले ते मोजतं. हिशेब सोपा आहे, २० ते ८० टक्के भरताना २४०० एमएएच गेले, म्हणजे ६० टक्क्यांना २४००, म्हणजे पूर्ण भरायला ४०००, आणि कंपनीची ५००० असेल तर हेल्थ ८०. पण एका चार्जवर निकाल लावू नका, आठ दहा चार्ज होऊ द्या. आणि हो, काही फास्ट चार्जिंगच्या फोनमध्ये आत दोन सेल जोडलेले असतात, तिथे ॲप निम्माच आकडा दाखवतं. एक ताई अशाच घाबरून आल्या होत्या की नवा फोन आणि बॅटरी ४५ टक्के. बॅटरीला काही नव्हतं.

बदलायचं ठरलं, तर आधी फोन तेवढ्या लायकीचा राहिलाय का बघा. माझा नियम असा, की बॅटरी आणि मजुरी मिळून फोनच्या आजच्या सेकंडहँड किमतीच्या पाव भागाच्या आत असेल तर डोळे झाकून टाका. फोल्डरही (डिस्प्ले आणि वरची काच) फुटलेलं आहे, जॅकही गेलाय, सिक्युरिटी अपडेट बंद होऊन दोन वर्षं झाली आणि त्यावर तुमचं बँकेचं ॲप आहे, तर मीच सांगतो की बॅटरीत पैसे घालू नका. वॉरंटीत असेल तर बाहेर कुठेच उघडू नका, आधी कंपनीचं सर्व्हिस सेंटर.

वॉरंटी संपली असेल तरी पहिला भाव सर्व्हिस सेंटरचाच काढा. मी स्वतः दुकानदार असून हे सांगतोय, कारण बऱ्याच मॉडेलला फरक वाटतो त्यापेक्षा कमी असतो आणि माल खात्रीचा असतो. आयफोनला तर एक्सएस, एक्सआर पासून पुढे बाहेरची बॅटरी टाकली की सेटिंग्जमध्ये "अननोन पार्ट" असा मेसेज येतो आणि हेल्थचा टक्का दिसला तरी ॲपल त्याची खात्री देत नाही, पुढे विकताना किंमत पडते. सर्व्हिस सेंटरला तुमच्या मॉडेलची बॅटरी येत नसेल, किंवा चार दिवस फोन ठेवा म्हणत असतील आणि तुमचा धंदाच फोनवर असेल, तर एमजी रोडच्या मोबाईल दुकानांत जा, नाहीतर तुमच्या भागातला ओळखीचा कारागीर बघा, फक्त डोळे उघडे ठेवून.

बॅटरी लावायच्या आधी हातात मागा. त्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) मार्क, आयएस १६०४६ आणि आर ने सुरू होणारा नंबर छापलेला असला पाहिजे. तो नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून तिथल्या तिथे तपासता येतो, कंपनीचं नाव जुळतं का बघा. बनवल्याची तारीख बघा, दोन वर्षं डब्यात पडलेली बॅटरी नवीन नसते, ती न वापरताही म्हातारी होते. तुमच्या मॉडेलची ५००० ची असताना त्याच साइजमध्ये ७००० लिहिलेलं असेल तर ते खोटं आहे, तेवढ्या जागेत तेवढं बसत नाही. आणि जुनी आणि नवी दोन्ही हातात घेऊन वजन बघा, कॉपी बॅटरी बरेचदा हलकी लागते. काही वर्षांपूर्वी मी एका डीलरकडून एकदम लॉट उचलला होता, छपाई अगदी ओरिजनलसारखी, आणि चार महिन्यात गिऱ्हाईकं परत यायला लागली. सगळ्यांना पदरचे पैसे घालून बदलून दिल्या. तेव्हापासून एकही बॅटरी नंबर तपासल्याशिवाय मी फोनमध्ये टाकत नाही.

फोन देताना बॅकअप घ्या, सिम आणि कार्ड काढून घ्या. बॅटरी बदलायला तुमचा पासवर्ड लागत नाही, देऊ नका. सॅमसंगमध्ये मेंटेनन्स मोड आहे, पिक्सेलमध्ये रिपेअर मोड, तो चालू करून द्या म्हणजे फोटो, व्हॉट्सॲप काही दिसत नाही. शक्यतो समोर बसून करून घ्या. कारागीर जुनी बॅटरी स्टीलच्या पट्टीने खालून उचकटत असेल तर थांबवा, खाली गम असतो, तो ओढपट्टीने नाहीतर आयपीए (आयसोप्रोपाइल अल्कोहोल) टाकून सैल करून प्लॅस्टिकच्या ओपनरने हळू काढायचा असतो. बसवल्यावर तिथेच कॉल, कॅमेरा, फिंगरप्रिंट, स्पीकर, वायरलेस चार्जिंग बघून घ्या आणि पॅनलला फट नाही ना बघा. एक लक्षात ठेवा, फोन एकदा उघडला की पाणी न जाण्याचं सील पहिल्यासारखं राहत नाही. त्र्यंबकच्या पावसात, रामकुंडावर, आधी चालत होता म्हणून आता चालेल असं धरू नका.

नवी बॅटरी टाकल्यावर तीन चार दिवस टक्का थोडा इकडे तिकडे होईल, मग बसेल. तिला सगळ्यात जास्त मारतं ते ऊन. गंगापूर रोडला डिलिव्हरी करणारी पोरं एप्रिल-मे मध्ये ४० डिग्रीत फोन हँडलवर उन्हात लावतात, मॅप चालू, ब्राइटनेस फुल, आणि वरून पॉवर बँक. त्यांच्या बॅटऱ्या वर्षातच येतात माझ्याकडे. दादांनो, होल्डरवर पुठ्ठ्याची छोटी सावली करा, आणि चार्जिंग गाडी थांबवून सावलीत करा, तापलेल्या फोनला चार्जर लावणं हेच सगळ्यात वाईट. आणि तापला म्हणून फ्रिजमध्येही ठेवू नका, आत पाणी धरतं. ज्यांचा फोन दिवसभर टेबलावर चार्जरजवळच असतो त्यांनी ८० टक्क्यांची लिमिट लावा, आता बहुतेक नव्या फोनमध्ये आहे. दुकानात यूपीआयला ठेवलेल्या फोनला तर लावाच, नसेल तर भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाला स्विच बसवून घ्या आणि रात्री बंद करा.

राहिली ती काढलेली जुनी बॅटरी. ती घंटागाडीत टाकू नका. गाडीत कचरा दाबला जातो, बॅटरी चेपली की आग, आणि तिथे काम करणारी माणसं उघड्या हाताने कचरा वेगळा करतात. भंगारवाल्यालाही देऊ नका, तो हातोडीने फोडतो. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनी अशा बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकलीय, म्हणून सर्व्हिस सेंटरला द्या, नाहीतर बदलणाऱ्या दुकानातच ठेवून या. घरी दोन दिवस ठेवावी लागली तर टोकाच्या पट्टीवर चिकटपट्टी लावा आणि कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवा, झाकण घट्ट न लावता. माझ्या टेबलाखाली असा एक डबा आहे, कोणाच्या घरी जुनी पडली असेल तर बॅटरी माझ्याकडून बदललेली नसली तरी आणून टाका.